मिठाच्या पाण्याची कसोटी

चेन्नईच्या वायव्येस असलेले अंबत्तूर हे एके काळी तळ्याच्या काठी वसलेले साधे गाव होते. १९४९ साली स्थापन झालेल्या एका सायकल कंपनीने तेथे आपला कारखाना घातला, १९६० नंतरच्या दशकात तेथे सरकारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि २०११ साली हे सारे गाव चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. आज मोटारगाड्यांचे सुटे भाग घडविणारे लहानमोठे असंख्य कारखाने तेथे आहेत. अशा कारखान्यात लेथ यंत्रापुढे उभा राहणारा कारागीर दंडगोल कातून झाला की तो डोळ्यांनी पाहून पसंत करीत नाही. तो मायक्रोमीटर लावतो. माप जुळले तर वस्तू पुढे जाते, न जुळले तर बाजूस पडते. घडविणाऱ्याची कीर्ती किती मोठी आहे, पोलादाला किती मोल पडले आहे, यावर त्या निर्णयात काहीही अवलंबून नसते.

हाच कारागीर पंचेचाळिशी-पन्नाशीला पोहोचला म्हणजे पुष्कळदा त्याचा गुडघा दुखू लागतो. दिवसभर सिमेंटच्या जमिनीवर उभे राहून आणि जिन्याची चढउतार करून संध्याकाळी सांधा सुजतो. मांडी घालून बसणे कठीण होते. अशा वेळी कोणीतरी त्याला सांगते की, शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही. आता एक नवी सुई निघाली आहे. तिने झिजलेला सांधा पुन्हा नवा होतो. ही सुई स्वस्त नसते. पण गुडघ्यावाचून नोकरी नाही आणि नोकरीवाचून घर नाही, म्हणून तो कर्ज काढूनही ती टोचून घेतो. आयुष्यभर मापावाचून एकही वस्तू पुढे न जाऊ देणारा हा माणूस स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र माप कोठे आहे, हे विचारीत नाही. ते माप अस्तित्वात आहे. ते कसे घेतात, त्याने आजवर काय दाखविले, आणि ते विचारण्याचा अधिकार रोग्यास का असला पाहिजे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सांधा का भरून येत नाही

त्वचेला जखम झाली तर ती आठवड्याभरात भरते. हाड मोडले तर ते दीड-दोन महिन्यांत सांधले जाते. मग सांध्याची झीजच का भरून येऊ नये? या प्रश्नाचे उत्तर सांध्याच्या रचनेत आहे. गुडघ्यात दोन हाडांची टोके जेथे समोरासमोर येतात, तेथे त्यांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्याची जाडी अवघी काही मिलिमीटर असते. या अस्तरात पाण्याचा अंश सुमारे सत्तर-ऐंशी टक्के असतो, आणि ते पाणी तंतूंच्या दाट जाळीत धरून ठेवलेले असते. पाऊल टाकले की पाणी दाबले जाते, पाऊल उचलले की ते परत शोषले जाते. या व्यवस्थेमुळेच शरीराचा भार हाडांना न जाणवता पेलला जातो.

परंतु या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. जिवंत पेशी असतात त्याही अगदी विरळ. जखम भरून काढण्यास लागणारी सामग्री रक्तातूनच येत असल्यामुळे, जेथे रक्तच पोहोचत नाही तेथे दुरुस्ती होणे दुरापास्त असते. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हीच गोष्ट मांडली होती की, कूर्चा एकदा नष्ट झाली म्हणजे ती पुन्हा तयार होत नाही. त्यानंतर पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. १९९४ साली स्वीडनमधील शल्यचिकित्सकांनी रोग्याच्याच कूर्चेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या गुडघ्यातील खळग्यात बसविल्या, आणि तरुण रोग्यांतील मर्यादित जखमेपुरता तो उपाय पुढे रूढही झाला. तथापि वयोमानानुसार सबंध सांधाच झिजला असता कूर्चा पूर्ववत करणारा उपाय अद्याप सिद्ध झालेला नाही. नव्या सुईविषयीचे सारे कुतूहल आणि सारी आशा या जुन्या अडचणीतून उत्पन्न झाली आहे.

काट्याने काटा, आणि त्यापुढील पायऱ्या

या सुयांच्या मुळाशी एक फार प्राचीन कल्पना आहे. दुखऱ्या जागी मुद्दाम दाह उत्पन्न केला तर शरीर जागे होऊन तेथे दुरुस्ती सुरू करील, ही ती कल्पना होय. महाराष्ट्राच्या खेड्यांतून दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा घालण्याची किंवा तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल होती, ती अनेक वाचकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. प्राचीन ग्रीसमध्ये हिपॉक्रेटीसच्या परंपरेतील वैद्यही वारंवार निखळणाऱ्या खांद्यास असाच डाग देत. अमेरिकेतील शल्यचिकित्सक जॉर्ज हॅकेट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या कल्पनेला सुईचे रूप दिले, आणि १९५६ साली त्यावर ग्रंथ लिहून त्या पद्धतीस प्रोलोथेरपी हे नाव रूढ केले. सैल पडलेल्या अस्थिबंधात दाहक द्रव टोचावा, म्हणजे नवे तंतू उत्पन्न होऊन तो बळकट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आज या पद्धतीत बहुधा द्राक्षशर्करेचे, म्हणजे ग्लुकोजचे, तीव्र द्रावण वापरतात.

दुसरी पायरी रक्ताची. रक्तात तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज बिंबाणू नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. जखम झाली की तेथे प्रथम हेच जमतात, रक्त गोठविण्यास साहाय्य करतात आणि पेशींच्या वाढीस चालना देणारी द्रव्ये सोडतात. रोग्याचेच थोडे रक्त काढून ते वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घातले असता घटक आपापल्या वजनानुसार वेगळे होतात. त्यांतील बिंबाणूंनी समृद्ध असा पिवळसर द्रव काढून तो सांध्यात किंवा दुखऱ्या कंडरेत टोचतात. खेळाडूंच्या दुखापतींच्या निमित्ताने या उपचाराची फार प्रसिद्धी झाली, आणि आपल्याकडे शहरोशहरी तो केला जातो. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला पीआरपी म्हणतात.

तिसरी पायरी मूलपेशींची. अस्थिमज्जेत व चरबीत अशा काही पेशी सापडतात की, योग्य परिस्थितीत प्रयोगशाळेच्या काचपात्रात त्यांपासून हाड किंवा कूर्चा बनू शकते. त्या काढून, कधी वाढवून, गुडघ्यात टोचल्या तर तेथेही कूर्चाच बनेल, असा यामागील तर्क आहे. तिन्ही पायऱ्यांतील तर्क सुसंगत वाटतो, आणि सावधगिरीची आवश्यकता आहे ती त्यामुळेच. वैद्यकाच्या इतिहासात सुसंगत तर्कावर उभ्या असलेल्या आणि अनुभवाच्या कसोटीवर कोसळलेल्या उपचारांची संख्या लहान नाही. काचपात्रातील पेशीला जे साधते ते शरीराचा भार वाहणाऱ्या, रक्तपुरवठा नसलेल्या अस्तरात साधेलच असे नाही.

बरे वाटणे आणि बरे होणे

येथे कोणी म्हणेल की, तर्काची गोष्ट सोडा. ज्यांनी सुई घेतली त्यांपैकी कित्येकांना बरे वाटले, हे प्रत्यक्ष प्रमाण नव्हे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

सांध्याची वेदना वर्षभर सारखी नसते. ती चढते, उतरते, पुन्हा चढते. माणूस वैद्याकडे जातो तो ती चढलेली असताना. आणि जे चढले ते काही दिवसांनी बहुधा थोडे उतरतेच. त्या मधल्या काळात सुई घेतली असेल तर श्रेय सुईस मिळते, लेप लावला असेल तर लेपास, नवस केला असेल तर नवसास. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणजे दोष कावळ्याकडे जातो, तसाच हा प्रकार होय. हा झाला पहिला भाग.

दुसरा भाग अपेक्षेचा. उपचार होत आहे या जाणिवेनेच वेदना खरोखर कमी होते. हा रोग्याचा भोळेपणा नव्हे. वेदना ही मेंदूत घडणारी गोष्ट असल्यामुळे तिच्यावर अपेक्षेचा परिणाम होणे स्वाभाविकच आहे. उपचार जितका गंभीर आणि खर्चिक, तितकी अपेक्षा मोठी. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रोग्यांवर झालेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो साफ करण्याची शस्त्रक्रिया करण्यात आली, तर काहींच्या केवळ त्वचेवर छेद देऊन टाके घालण्यात आले. कोणाच्या गुडघ्यात काय केले हे रोग्यांस ठाऊक नव्हते. दोन वर्षांपर्यंत दोन्ही गटांत सारखाच आराम दिसला. ज्यांच्या गुडघ्याला आतून स्पर्शही झाला नव्हता, त्यांनाही तितकेच बरे वाटले.

म्हणून, सुईनंतर बरे वाटले याचा अर्थ सुईमुळे बरे झाले असा होत नाही. दोहोंतील भेद जाणण्याचा मार्ग एकच आहे. रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत. एकास औषधाची सुई आणि दुसऱ्यास निर्जंतुक केलेल्या मिठाच्या पाण्याची सुई द्यावी. कोणास काय मिळाले हे रोग्यास आणि त्याची तपासणी करणाऱ्यास कळू देऊ नये. आणि दोन्ही गटांत जो फरक उरेल तेवढाच औषधाचा गुण मानावा. मिठाचे पाणी हे वैद्यकातील मायक्रोमीटर आहे.

अंबत्तूरच्या शेजारी घेतलेले माप

हे माप परकीय आहे, ते श्रीमंत देशांना शोभते, असे कोणास वाटत असेल तर त्याने मद्रासचा इतिहास पाहावा. एके काळी क्षयरोग झाला म्हणजे मिरज-पाचगणीसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामात जाऊन महिनोन् महिने राहावे, मोकळी हवा आणि सकस अन्न घ्यावे, अशी सार्वत्रिक समजूत होती. ज्यांना ते परवडत नसे त्यांचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राही. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावरील औषधोपचाराचे संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे शहरातील दाट वस्तीच्या गरीब रोग्यांचे, सुमारे दोनशे जणांचे, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्यात आले. एक गट आरोग्यधामात ठेवला, दुसरा आपल्या घरीच राहिला. औषधे दोघांना सारखीच दिली. घरच्या रोग्यांचे अन्न निकृष्ट होते, विश्रांती कमी होती आणि घरे कोंदट होती. तरीही १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा असे दिसले की, वर्षभराच्या अखेरीस दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखाच आहे. रोग बरा करीत होते ते औषध; आरोग्यधामाची हवा नव्हे. या एका निष्कर्षामुळे जगभरच्या गरीब रोग्यांना घरी राहून बरे होण्याचा मार्ग मोकळा झाला.

दुसरे उदाहरण तर अंबत्तूरच्या अगदी जवळचे आहे. लगतच्या आवडी येथे कुष्ठरोगाच्या क्षेत्रसंशोधनाचे एक केंद्र होते. १९९० नंतरच्या दशकात डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या चेंगलपट्टू जिल्ह्यात एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांवर कुष्ठरोगाच्या लशींची तुलना करण्यात आली. त्यांतील एक लस मुंबईच्या मातीतली होती. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या केलेल्या जंतूपासून ती पुढे तयार झाली. इतर गटांबरोबर एका गटास केवळ मिठाचे पाणी टोचण्यात आले होते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या मुंबईच्या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले, तर दुसऱ्या एका भारतीय लशीने सुमारे २६ टक्केच. दोन्ही लशी भारतीय, दोहोंच्या मागे आस्थेने केलेले संशोधन. परंतु मापाने भेद केला, आणि तो सर्वांपुढे मांडण्यात आला. आवडीचे ते केंद्र आणि वैद्यकीय संख्याशास्त्राची एक संस्था यांच्या एकीकरणातून १९९९ साली राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था निर्माण झाली. डॉ. गुप्ते यांनी तिचे संचालकपद सांभाळले. ही संस्था आज अंबत्तूरच्याच भागात, अयप्पाक्कम येथे आहे. ज्या वसाहतीत कारागीर कर्ज काढून गुडघ्याची सुई घेतो, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर उपचारांचे खरेखोटे पारखण्याची विद्या जाणणारी माणसे बसलेली आहेत.

सुईचे माप काय सांगते

बिंबाणूंच्या सुईची मोठी परीक्षा ऑस्ट्रेलियात, सिडनी व मेलबर्न येथे, झाली आणि २०२१ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या २८८ जणांस आठवड्याच्या अंतराने तीन सुया देण्यात आल्या. काहींना बिंबाणूंच्या, काहींना मिठाच्या पाण्याच्या. वर्षानंतर दहापर्यंतच्या वेदनामापनात पहिल्या गटाची वेदना २.१ अंकांनी आणि दुसऱ्याची १.८ अंकांनी उतरली होती. हा फरक योगायोगाने पडावा इतका लहान आहे. कूर्चेचे घनफळ तर दोन्ही गटांत किंचित घटलेच होते, एकात १.४ टक्के, दुसऱ्यात १.२ टक्के. सांधा नवा होतो, या म्हणण्यास त्यात आधार मिळाला नाही. त्याच वर्षी घोट्याच्या सांध्याची झीज आणि टाचेमागील कंडरेचे दुखणे यांवरील दोन चाचण्यांचे निष्कर्षही याच प्रकारचे आले.

याच्या उलट दिशेचा पुरावाही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत ७८ रोग्यांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बिंबाणूंची सुई मिठाच्या पाण्याहून सरस ठरली होती. मात्र सहा महिन्यांच्या सुमारास तो गुण ओसरू लागलेला दिसला. बिंबाणूंची संख्या पुरेशी ठेवली तर गुण दिसतो, ऑस्ट्रेलियातील द्रव पुरेसा तीव्र नव्हता, असे या उपचाराचे पुरस्कर्ते म्हणतात. त्यांचे म्हणणे खरेही ठरेल. परंतु ते सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर आहे, रोग्याच्या खिशावर नव्हे. साखरेच्या द्रावणाबाबत अमेरिकेतील ९० रोग्यांच्या आणि हाँगकाँगमधील ७६ रोग्यांच्या लहान चाचण्यांत मिठाच्या पाण्यापेक्षा बरा गुण दिसला आहे. सर्वांत स्वस्त द्रवाच्या बाजूने हा पुरावा असावा, आणि त्याची जाहिरात मात्र सर्वांत कमी असावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मूलपेशींची स्थितीही अशीच संमिश्र आहे. अमेरिकेत सुमारे पावणेपाचशे रोग्यांवर केलेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ या तिन्हींपासून मिळविलेल्या पेशींची तुलना नेहमीच्या स्टेरॉइडच्या सुईशी करण्यात आली. वर्षाअखेर एकही प्रकार स्टेरॉइडहून सरस ठरला नाही. दुसरीकडे, बंगळुरूच्या एका कंपनीने अस्थिमज्जेतील पेशींपासून बनविलेल्या औषधाची १४६ रोग्यांवर रीतसर चाचणी घेतली. तिच्यात वेदना व हालचाल यांत लाभ दिसला, आणि भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२२ साली गुडघ्याच्या झिजेसाठी त्यास परवानगी दिली. या औषधाचा पुढील अनुभव काय येतो ते कळेलच. येथे महत्त्वाचे आहे ते हे की, मापाचा मार्ग भारतात चालता येतो आणि त्यावर चालून परवानगी मिळविता येते. कोणत्याही चाचणीवाचून पोटाची चरबी काढून गुडघ्यात टोचणाऱ्याने तो मार्ग टाळलेला असतो.

तुलना कोणाशी केली, हेही पाहावे लागते. टेनिस खेळणाऱ्यांच्या आणि हातोडी चालविणाऱ्यांच्या कोपराला जे दुखणे जडते, त्यावर बिंबाणूंची सुई स्टेरॉइडपेक्षा वर्षानंतर अधिक गुणकारी ठरली, असा १०० रोग्यांच्या एका चाचणीचा निष्कर्ष २०१० साली आला, आणि तो फार गाजला. परंतु २०१३ साली १६५ रोग्यांवरील दुसऱ्या एका चाचणीत असे दिसले की, वर्षानंतर त्याच दुखण्यात स्टेरॉइड घेणाऱ्यांची स्थिती मिठाचे पाणी घेणाऱ्यांपेक्षा वाईट होती. मग पहिल्या चाचणीत बिंबाणू खरोखर पुढे गेले, की शेजारचा मागे पडला? लंगड्याबरोबर शर्यत लावून जिंकल्याने वेग कळत नाही. गुडघ्यातही दर तीन महिन्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड टोचल्यास वेदनेत फरक न पडता कूर्चा अधिक झिजते, असे १४० रोग्यांच्या चाचणीत २०१७ साली आढळले आहे. जुने ते सोने आणि नवे ते खोटे असा निष्कर्ष यातून निघत नाही. माप दोघांनाही लावावे, एवढेच निघते.

एक आक्षेप

यावर एक मार्मिक आक्षेप घेतला जातो. वेदना उतरली ना? मग ती बिंबाणूंनी उतरली की अपेक्षेने, याची उठाठेव कशाला? रोग्यास आराम हवा, शास्त्र नको. हा आक्षेप दयाळू वाटतो. पण मिठाच्या पाण्यानेही तितकाच आराम पडत असेल तर त्याचे मोल मिठाच्या पाण्याएवढे असावे. महिन्याच्या पगाराएवढी रक्कम घेऊन तो विकणे ही दया नव्हे. शिवाय सांध्यात सुई घालणे सर्वस्वी निरुपद्रवी नसते. क्वचित का होईना, जंतू आत शिरून सांधा कायमचा बिघडू शकतो. आणि सर्वांत मोठी हानी डोळ्यांना न दिसणारी आहे. सांधा सुईने नवा होणार, असे ज्याला सांगितले जाते, तो व्यायाम सोडतो.

वस्तुतः गुडघ्यासाठी ज्या उपायांचा पुरावा भक्कम आहे ते उपाय साधे आहेत. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणारा नियमित व्यायाम हा त्यांतील पहिला. वजन अधिक असल्यास ते उतरविणे हा दुसरा. शरीराचे वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजून दाखविण्यात आले आहे. दिवसाकाठी हजारो पावले टाकणाऱ्यास हा हिशेब सहज उलगडेल. आहार आणि व्यायाम यांच्या संयुक्त उपायाची ४५४ जणांवर दीड वर्ष घेतलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात वेदना व हालचाल या दोहोंत लाभ दिसला. सांधा पार झिजून गेला असेल तर कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि तिचा गुण निर्विवाद आहे. व्यायाम शिकविणाऱ्याची जाहिरात कोणी करीत नाही, कारण त्यात विकण्याजोगी वस्तू नसते.

काय व्हावयास हवे

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ सालच्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की, रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर मूलपेशींचा उपचार करणे अनैतिक आहे. हे तत्त्व योग्य आहे. पण तत्त्व दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेले नसते, म्हणून ते रोग्यापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात.

पहिली, सुई देणाऱ्याने रोग्याच्या भाषेत लेखी सांगावे की, हा सिद्ध उपचार आहे की प्रयोग. मिठाच्या पाण्याशी तुलना केली असता काय दिसले. आणि कूर्चा नवी झाल्याचा पुरावा आहे की नाही. दुसरी, प्रयोग असेल तर त्याचे पैसे रोग्याकडून घेऊ नयेत. प्रयोगात रोगी आपले शरीर देतो. त्याच्याकडून रक्कमही घेणे म्हणजे कारखान्याने माल पारखण्याचे शुल्क गिऱ्हाइकाकडून वसूल करण्यासारखे आहे. तिसरी, मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसून काम करणाऱ्या आणि दिवसभर उभे राहणाऱ्या भारतीय माणसांच्या गुडघ्यांवर या सुयांची मोठी चाचणी सरकारी खर्चाने, मिठाच्या पाण्याशी तुलना करून व्हावी. मेलबर्नच्या गुडघ्याचे माप अंबत्तूरच्या गुडघ्यास तंतोतंत लागू पडेलच असे नाही. ते लागू पडते की नाही हे शोधण्याची विद्या मात्र अंबत्तूरपाशीच आहे.

वाचकाच्या हातीही एक साधन आहे. भारतातील औषधोपचारांच्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २० जुलै २००७ पासून उपलब्ध आहे, आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिच्यात करणे बंधनकारक आहे. संगणकावर ती कोणासही विनामूल्य पाहता येते. घरातील कोणास नवी सुई सुचविण्यात आली, तर सार्वजनिक ग्रंथालयात बसून मुलाने किंवा मुलीने ती नोंदवही उघडावी, आणि दवाखान्यात आपल्या वडिलांबरोबर जाऊन एवढेच विचारावे : हे मिठाच्या पाण्याशी ताडून पाहिले आहे काय? प्रामाणिक वैद्यास या प्रश्नाचा राग येणार नाही. तो उत्तर देईल, आणि उत्तर नसेल तर तसे सांगेल. मग सुई घ्यावी की न घ्यावी हे त्या कुटुंबाने ठरवावे. पण ते उघड्या डोळ्यांनी ठरवावे, जसा लेथपाशी उभा असलेला माणूस रोज मायक्रोमीटर पाहून ठरवितो.